जिच्यावर मशीन तपासायचे

ती गेली तेव्हा दुपार होती. वॉर्डच्या खिडकीखाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होतं. नर्सने घड्याळाकडे पाहिलं, सोफावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पडदा ओढून घेतला. तो मग उठला आणि बायकोच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं. ती चांगली उंच, त्यामुळे जगातल्या कुठल्याही पांघरुणात तिचे पाय कधी मावले नव्हते. मग तो जिन्याकडे निघाला.

लेकीला फोन करायचा होता, पण आधी खाली जायचं होतं. बायकोने तसं बजावून ठेवलं होतं.

"मी गेले की पहिल्यांदा गिड्डीला सांगायचं. फोनवर नाही, स्वतः जाऊन. आणि लिफ्टने जाऊ नकोस. लिफ्टवाल्याला तुझ्या तोंडावरून कळेल, आणि तू पोचायच्या आत सगळ्या हॉस्पिटलभर होईल."

"असलं अभद्र बोलू नकोस," तो म्हणाला होता.

"मग कधी बोलू? गेल्यावर?"

एकोची खोली तळमजल्यावर, कोपऱ्यात होती. तिथे कायम अंधार, कारण मशीनच्या पडद्यावरचं चित्र उजेडात दिसत नाही. छातीवर थंडगार जेल लावतात, साबणाच्या वडीएवढा प्रोब फिरवतात आणि पडद्यावर आतलं हृदय उघडझाप करताना दिसतं. सोफावाल्याच्या बायकोने आणि तिच्या मैत्रिणीने आपली उभी नोकरी या खोलीत काढली होती. बायको उंच म्हणून मैत्रीण तिला शिडी म्हणायची. मैत्रीण बुटकी म्हणून बायको तिला गिड्डी म्हणायची. होता होता डॉक्टरांपासून झाडूवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हीच नावं बसली. सोफावाला तेवढा गिड्डीला तोंडावर "ताई" म्हणायचा.

गिड्डीच्या समोर एक म्हातारे गृहस्थ डाव्या कुशीवर झोपले होते. दार उघडलं तसं मान न वळवता ती म्हणाली, "दोन मिनिटं."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. तिने उरलेली मापं घेतली, म्हाताऱ्यांची छाती पुसली, शर्ट हातात दिला.

"ठीक आहे ना गं बाळ?"

"रिपोर्ट डॉक्टर देतील, आजोबा. सावकाश उठा."

ते गेले. ती वळली आणि तिला सोफावाला दिसला. जिना उतरताना त्याने एक वाक्य तयार केलं होतं, ते कुठल्या कुठे गेलं.

"ताई, तुमची शिडी गेली," तो म्हणाला.

ती रडली नाही. तिने प्रोब पुसला, जागेवर अडकवला, वायर नीट गुंडाळली. मग मशीन बंद केलं. आतल्या पंख्याची घरघर थांबली. इतक्या वर्षांत ती खोली इतकी गप्प झालेली सोफावाल्याने ऐकली नव्हती.

"मी आता यावर बसणार नाही, भाऊजी," ती म्हणाली.

त्याला वाटलं, आजच्यापुरतं म्हणत असेल. तसं नव्हतं.

बायकोने त्याला दोन कामं सांगितली होती. पहिलं हे, खाली जाऊन सांगायचं. ते झालं. दुसरं असं होतं: "गिड्डी मशीन सोडेल बघ. तिला सोडू द्यायचं नाही."

"ती माझं ऐकतेय होय!"

"सोफ्याला खिळे ठोकून बसवतोस ना? तसं बसव."

"सोफा उलटं बोलत नाही."

"म्हणून तर तुझा धंदा बरा चाललाय," बायको म्हणाली होती, आणि हसता हसता तिला ठसका लागला होता.

गिड्डी मशीन का सोडणार, हे बायकोला आधीच कसं माहीत होतं? तर ते त्या खोलीतल्या एका रिवाजामुळे.

मशीन अधूनमधून दुरुस्तीला जायचं. परत आलं की पेशंटला लावायच्या आधी घरच्याच माणसावर लावून पाहायचं, चित्र नीट येतंय ना, रंग बरोबर पडतायत ना. हे घरचं माणूस म्हणजे कायम शिडी. ती उंच, सडपातळ, बरगड्यांमध्ये भरपूर फट. तिचं हृदय काचेच्या पेटीत ठेवल्यासारखं स्वच्छ दिसायचं. नवे डॉक्टर शिकायला आले की त्यांचाही पहिला धडा हिच्याच छातीवर. खातेप्रमुख म्हणायचे, "हे आपल्या खात्याचं वजनमाप आहे. यावरून बाकीची तोलायची."

"या हॉस्पिटलात माझ्या हृदयात डोकावला नाही असा माणूस सापडायचा नाही," ती लग्नाकार्यात खुशाल सांगायची. आणि कोणी सोफावाल्याकडे बघून मिश्कीलपणे विचारलं, "तुम्हाला चालतं का हो हे?" तर तो म्हणायचा, "पाहुणे येऊन जाऊन असतात. मी भाडेकरू आहे."

असंच एकदा मशीन दुरुस्त होऊन आलं. शिडी पलंगावर आडवी झाली.

"गिड्डे, हात की बर्फाची लादी गं?"

"गप पड. श्वास धर."

पडद्यावर नेहमीचं हृदय आलं. फक्त उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीशी एक करडा डाग दिसत होता. बोट लागल्यावर काचेवर उमटतो तेवढा. गिड्डीने प्रोब तिरका केला, सरळ केला. डाग हलेना.

"हे काय गं शिडे?"

शिडीने मान वळवून पडद्याकडे पाहिलं. "मशीन. बिघडवून आणलंय मेल्याने."

गिड्डीलाही तेच वाटलं. वाटणारच. घरातला तराजू रोज ज्या वजनाने तपासायचा, ते वजनच खोटं असेल असं कोणाच्या मनात येतं? दोघींनी मशीनवाल्याला बोलावलं. त्याने सगळं उघडून पाहिलं आणि म्हणाला, "मशीनमध्ये काही दोष नाही." झालं! दोघी दोन बाजूंनी त्याच्यावर तुटून पडल्या. आम्हाला हे हृदय तोंडपाठ आहे, तू कालचा आलेला आम्हाला शिकवतोस? त्याने बिचाऱ्याने कंटाळून प्रोब बदलून दिला. नव्या प्रोबने पाहायची वेळ आली तेव्हा शिडी वॉर्डात तातडीच्या पेशंटकडे गेली होती, म्हणून गिड्डीच आडवी झाली आणि दुसऱ्या कोणीतरी पाहिलं. गिड्डीचं हृदय लख्ख दिसलं. डाग नाही. मशीन दुरुस्त झालं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

त्यानंतर काही महिन्यांनी बायकोला जिना चढताना धाप लागायला लागली.

आधी तिने वयावर ढकललं, मग वजनावर. वजन तर उतरत होतं. मग एके दिवशी दुकानात ती त्याच्यासाठी डबा घेऊन आली आणि दारातच एका उसवलेल्या खुर्चीवर बसली. ओठ निळसर पडले होते. सोफावाल्याच्या तोंडात तेव्हा खिळे होते. ते त्याने भराभर थुंकले आणि तिला हॉस्पिटलात नेलं.

हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते. तिच्यात पाणी साठलं होतं, आणि ते हृदयाला चेपत होतं. सुई घालून पाणी काढलं. ते रक्ताळलेलं होतं. तपासायला पाठवलं, त्यात वाईट काही निघालं नाही. कसला तरी संसर्ग असेल, म्हणून औषधं दिली. तिला बरं वाटलं. घरी येऊन तिने सगळे पडदे धुतले आणि आठवडाभर त्याचीच फुशारकी मारली. मग पाणी पुन्हा भरलं.

या खेपेला खातेप्रमुख म्हणाले, पुन्हा पुन्हा येतंय म्हणजे कुठूनतरी येतंय. अन्ननळीतून बारीक प्रोब आत सोडून हृदयाच्या मागच्या बाजूने पाहिलं. उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीला एक गाठ होती. गिड्डी तेव्हा मशीनपाशी उभी होती.

"हे मी पाहिलंय," ती म्हणाली.

कोणाला कळलं नाही. शिडीच्या तोंडात नळी होती, तिला बोलता येत नव्हतं. नळी काढल्यावर घसा धरून ती पहिलं वाक्य बोलली ते हे: "'मी' नाही. 'आपण' पाहिलंय."

घरी जाताना बसमध्ये तिने सोफावाल्याला सगळं सांगितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ती म्हणाली. दिव्याखाली अंधार. बघ, दोन-दोन म्हणी माझ्यासाठी आधीच करून ठेवल्यात. तो हसला नाही. तो बसच्या खिडकीतून बाहेर बघत होता आणि त्याच्या मनात एकच गोष्ट होती: त्या बाईने पाहिलं होतं, आणि मशीनवाल्याला शिव्या दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गिड्डी फळं घेऊन घरी आली. सोफावाला तिच्याशी बोलला नाही. चहा केला, समोर आदळला आणि मागच्या खोलीत जाऊन बसला. ती गेल्यावर बायको आत आली.

"रुसलास होय?"

"रुसू नको तर काय करू? आरती ओवाळू?"

"मग माझ्यावरही रूस. पडद्यावर मी पण पाहिलं. हृदय माझं, डोळे माझे, आणि 'मशीन' हा शब्दही माझाच. आधी माझ्याशी अबोला धर, मग तिच्याशी."

त्याने तोंड फिरवलं.

"धर ना."

"तुझ्याशी अबोला धरायला वेळ आहे का माझ्याकडे," तो म्हणाला. त्याच्या तोंडून निसटून गेलं ते.

त्या दिवसापासून तो गिड्डीशी बोलायला लागला. राग गेला असं नाही. राग होता, पण चहाचा कप आपटायचा त्याने बंद केला.

गाठीचा तुकडा काढायचा होता. जांघेतल्या शिरेतून तार वर सरकवत थेट हृदयात नेतात आणि तारेच्या टोकाच्या चिमट्याने कण काढतात. तो कण तपासला. कॅन्सरच्या डॉक्टर म्हणजे एक शांत, मोठ्या चष्म्याच्या बाई होत्या. त्यांनी दोघांना बसवून सांगितलं. हृदयाला कॅन्सर सहसा होत नाही. तिथे गाठ निघाली तर बहुतेक वेळा ती साधी असते, नाहीतर दुसरीकडचा कॅन्सर तिथे पोचलेला असतो. मूळ हृदयातच सुरू झालेला वाईट कॅन्सर इतका क्वचित दिसतो की कित्येक डॉक्टरांच्या आयुष्यात एकही पेशंट येत नाही. हा त्यातलाच आहे. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून निघतो. त्याचं नाव अँजिओसार्कोमा.

"तुमच्याकडे असे किती आले?" बायकोने विचारलं.

"तुम्ही दुसऱ्या."

"पहिल्याचं काय झालं?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"कळलं," बायको म्हणाली. "आता एक करा. मला खोटं सांगायचं नाही. मी यातलीच आहे, माझ्या लगेच लक्षात येतं. ह्यालाही खोटं सांगायचं नाही. ह्याच्या लक्षात येत नाही, म्हणून तर मुळीच सांगायचं नाही."

ठरलं ते असं: आधी सलाईनमधून औषधं देऊन गाठ लहान करायची, ती इतर कुठे पसरली नाही ना यावर नजर ठेवायची आणि मग कापून काढायची. थोड्या थोड्या दिवसांनी एको करून गाठीचं माप घ्यायचं होतं. शिडीने सांगून टाकलं, "माझ्या छातीवर गिड्डीशिवाय दुसऱ्या कोणाचा हात नको."

गिड्डी नाही म्हणाली. पाया पडते पण मला सांगू नकोस म्हणाली. शिडी पलंगावर आडवी झाली, गाऊनचे बंद सोडले आणि म्हणाली, "थंडी वाजतेय. लवकर आटप."

सोफावाल्याला त्या दिवशी पहिल्यांदा आत बसू दिलं. इतकी वर्षं संसार केला, पण बायकोचं हृदय त्याने बघितलं नव्हतं. साऱ्या हॉस्पिटलने पाहिलेलं, ते त्याने सगळ्यांच्या शेवटी पाहिलं. झडपा तंबूच्या दाराच्या पडद्यासारख्या फडफडत होत्या. आणि उजवीकडे ती गाठ, शिवण उसवून आतला कापूस बाहेर यावा तशी. गिड्डीचा हात थरथरत होता. तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि माप घेतलं. नंतर आणखी एकदा, दुसऱ्या बाजूने घेतलं.

"लहान झालीय," ती म्हणाली.

"खरं?"

"शिडे, तुला खोटं सांगून मला जायचंय कुठे?"

पडद्याच्या उजेडात दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. सोफावाल्याच्या मनातला राग त्या वेळी थोडा उसवला. तिथून तो दरवेळी थोडा थोडा उसवत गेला.

ऑपरेशन करणारे सर्जन मोठे दिलखुलास गृहस्थ होते. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. छाती उघडायची, हृदयाचं काम मशीनवर सोपवायचं, हृदय थांबवायचं, गाठीसकट कप्प्याची भिंत कापायची आणि तिथे ठिगळ लावायचं. ठिगळ गाईच्या हृदयाभोवतीच्या पिशवीचं असतं.

सोफावाल्याने चित्र जवळ ओढलं. "शिवणीला कडेने किती सोडता?"

सर्जनांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही काय करता?"

"सोफे. आमचीही सुई अशीच वाकडी असते."

"मग तुम्हाला कळेल. फरक एवढाच की शिवून झाल्यावर तुमचा सोफा गप्प बसतो, माझा उड्या मारायला लागतो."

"आमच्याही सोफ्यावर पोरं उड्या मारतात, डॉक्टर."

"मग शिवून ठेवतो तसाच पक्का," सर्जन म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही हात त्याच्या हातावर ठेवले.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर काही दिवसांनी बायको कुशीवर वळून त्याला म्हणाली, "ऐकतोस? तुझी आई म्हणायची ना, हिच्यात गरीब गाईचा अंशसुद्धा नाही? सांग तिला. आता आहे."

"आई जाऊन किती वर्षं झाली."

"मग मीच सांगेन," ती म्हणाली. त्याने तिची उशी बदलली.

गाठ सगळी निघाली होती, पण कडेला अगदी बारीक काही राहिलं असावं अशी शंका होती, म्हणून किरणं दिली. मग चांगले दिवस आले. ती अर्धा दिवस कामावरसुद्धा गेली. प्रोब धरायची ताकद नव्हती, तर गिड्डीच्या शेजारी बसून नुसत्या चुका काढायची. संध्याकाळी दोघी रस्त्याने हळूहळू चालत दुकानापर्यंत यायच्या, एक लांब सावली आणि एक आखूड. सोफावाला दुकानातून बघायचा आणि हातातलं काम मुद्दाम लांबवायचा.

मग फुप्फुसांत ठिपके दिसले. दुसरी औषधं दिली. ती लागू पडली नाहीत. शेवटचा एकोही गिड्डीनेच केला. त्यात हृदय ठीक होतं, ठिगळ ठीक होतं. "बघ," शिडी म्हणाली, "तुझं खातं पास झालं. बाकीच्यांनी माती खाल्ली."

आणि मग ती दुपार.

तेराएक दिवस घरात माणसांची ये-जा होती. लेक येऊन राहिली आणि परत गेली. त्यानंतर एके सकाळी खातेप्रमुखांचा फोन आला.

"सोफावाले, तुमच्या ताईंनी एकोची खोली सोडलीय. नोंदणीच्या खिडकीवर बसतात. मी सांगून सांगून हात टेकले. बदलीवर एक गृहस्थ आलेत, माणूस चांगला आहे. पण खोलीत ती नजर नाही. तुम्ही बघा काही जमतंय का."

सोफावाला गेला. नोंदणीच्या खिडकीसमोर ही रांग. गिड्डीशी बोलायचं तर रांगेत उभं राहण्यावाचून इलाज नव्हता. तो उभा राहिला. नंबर आला.

"नाव?" ती वर न बघता म्हणाली. मग तिने वर पाहिलं. "भाऊजी, इथे काय करताय?"

"पेशंट आहे."

"काय होतंय?"

"तुम्ही मशीनवर बसत नाही, हे होतंय."

"हे बघा, मागे लोक खोळंबलेत."

"त्यांनाही तेच होतंय. एकोला किती दिवसांनी नंबर लागतो विचारा."

मागची बाई पुढे वाकली. "अहो, भांडण घरी करा. माझं लेकरू तापाने फणफणलंय."

"भांडण नाही हो. मेहुणी आहे माझी."

"मेहुणी? मग तर घरीच करा!"

गिड्डीने तोंडावर हात धरला. शिडी गेल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. मग तिने शिक्का उचलला आणि म्हणाली, "पुढचे या."

तो पुढच्या आठवड्यात पुन्हा गेला. त्याच्या पुढच्याही. रखवालदार त्याला ओळखायला लागला. कधी तो तिला रागावायचा, कधी गोडीगुलाबीने घ्यायचा, कधी नुसता "बरं आहे ना" विचारून परत फिरायचा. शेवटी एकदा ती चहाच्या सुट्टीत त्याला बाहेरच्या बाकावर घेऊन गेली.

"भाऊजी, तुम्हाला माझा राग आला होता ना?"

"आला होता."

"गेला?"

"बराचसा. थोडा आहे. तो राहू दे, आता त्याची सवय झालीय."

तिने मान हलवली. हे उत्तर तिला पटलेलं दिसलं. मग म्हणाली, "मला एकच कळायला हवं. तो डाग आम्ही तेव्हाच खरा मानला असता, तर ती वाचली असती का? तेवढं कोणी मला 'नाही' म्हणून सांगितलं ना, तर मी उद्या जाऊन मशीनवर बसेन. मला रोज नवीन छाती दिसते आणि वाटतं, इथेही काहीतरी आहे आणि मी मशीनला नावं ठेवणार."

"मी विचारून येतो," सोफावाला म्हणाला.

"नको."

"मलाही हवंय, ताई."

कॅन्सरच्या डॉक्टरांनी त्याला लगेच आत घेतलं. त्याने विचारलं.

"या रोगाचे पेशंट इतके थोडे असतात," त्या म्हणाल्या, "की ठामपणे काही म्हणावं एवढी माणसंच कोणाकडे नाहीत. तेव्हा गाठ लहान होती. काढायला सोपी गेली असती. कदाचित तिला जास्त दिवस मिळाले असते. कदाचित पुष्कळ जास्त. आणि कदाचित काहीच नाही, कारण हा रोग दिसण्याच्या आधीच रक्तातून पुढे गेलेला असतो. मला माहीत नाही."

"'नाही' म्हणाला असतात तरी चाललं असतं."

"तुमच्यासमोरच त्यांनी मला सांगितलं होतं, खोटं बोलायचं नाही म्हणून."

"ती आता नाही."

"मला कोणी तो शब्द परत दिलेला नाही," डॉक्टर म्हणाल्या.

कॉरिडॉर लांब होता. सोफावाला चालत होता आणि त्याच्या डोक्यात एक सरळ हिशेब होता. डॉक्टर काय म्हणाल्या हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. गिड्डी त्यांना जाऊन विचारणार नव्हती, तिच्यात तेवढा धीरच नव्हता. एक शब्द. "नाही." एवढं म्हटलं की उद्या ती मशीनवर बसणार, पेशंटची सोय होणार, खातेप्रमुख खूश, आणि बायकोचं सांगितलेलं काम पुरं. याहून स्वस्त खोटं जगात नसेल.

नोंदणीची खिडकी बंद व्हायची वेळ झाली होती. रांग संपली होती. गिड्डी शिक्के आवरत होती. तिने त्याला येताना पाहिलं आणि हात थांबवले.

त्याने तोंड उघडलं. समोर ही बाई, जिने थरथरतं मनगट धरून दोन-दोनदा माप घेतलं होतं, आणि जे दिसलं तेच सांगितलं होतं. लहान झाली तेव्हा लहान, आणि शेवटच्या एकोत ठिगळ ठीक होतं तेव्हा ठीक.

"त्यांना माहीत नाही," तो म्हणाला. "कदाचित हो, कदाचित नाही. असंच म्हणाल्या. मी दुसऱ्यांदा विचारलं, तरी तेच."

गिड्डीने हातातला शिक्का खाली ठेवला.

"मला 'नाही' हवं होतं," ती म्हणाली.

"मलाही."

"तुम्हाला सांगता आलं असतं तसं. मी विश्वास ठेवला असता."

"माहीत आहे."

तिने खिडकीच्या फटीतून हात बाहेर काढला. त्याने तो धरला. थंडगार होता, बायको म्हणायची तसाच. मग झाडूवाली बाई आली आणि म्हणाली, पाय उचला जरा, आणि दोघांनीही पाय उचलले. सोफावाला तर उभाच होता, तरी त्याने एक पाय उचलला. झाडूवाली बाई हसायला लागली.

पुढच्या आठवड्यात गिड्डी एकोच्या खोलीपर्यंत गेली, पण दारातच उभी राहिली. बदलीवरच्या टकल्या गृहस्थांना पडद्यावर काहीतरी कळत नव्हतं. ते म्हणाले, बाई, जरा बघता का? तिने लांबूनच पाहिलं. म्हणाली, ही हृदयाच्या भिंतीची नेहमीची घडी आहे, गाठ नाही, दुसऱ्या बाजूने घ्या, नाहीशी होईल. त्यांनी घेतलं, झाली. त्यानंतर ती रोज तासभर तिथे दारात उभी राहते. एक नियमही तिने खातेप्रमुखांकडून करून घेतला आहे: मशीन दुरुस्त होऊन आलं की दोघांवर लावून पाहायचं, आणि डाग दिसला तर मशीन परत पाठवायच्या आधी त्या माणसाला दुसऱ्या मशीनवर झोपवायचं. सगळे हा नियम पाळतात. टकले गृहस्थ तर जरा जास्तच पाळतात.

सोफावाला दर आठवड्याला जातो. रांगेत उभा राहतो. बाकावर दोघं चहा पितात, शिडीच्या गोष्टी काढतात, एकमेकांच्या चुका काढतात. तो तिला मशीनवर बसा म्हणत नाही असं नाही. म्हणतो. ती "बघू" म्हणते.

तिने अजून प्रोब हातात घेतलेला नाही.